शीत साठविणारे भांडे : डॉ. फ्रँक लो यांचे जीवनकार्य

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीची उत्पत्ती, कुलाचार, जुन्या आळीतील नामांकित कारागीर व पूर्वसूरींच्या देणग्या यांविषयी माहितीपूर्ण लेख येत असतात. संपादक मंडळाने या वर्षी आमच्याकडेही तशाच एखाद्या लेखाची मागणी केली होती. तिला मान देऊन लिहावयास बसलो असता आमच्या मनात एका परदेशस्थ शास्त्रज्ञाचे चरित्र घोळू लागले. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या देशाचेही नव्हेत. त्यांचा विषय तर तांब्यापितळेपासून शेकडो योजने दूर, तारकांचा. तरीही त्यांच्या पन्नास वर्षांच्या उद्योगाचे सार एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास ते असे सांगता येईल, की त्यांनी एक भांडे घडविले, ते भांडे सुधारीत नेले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते लहान कसे करावे हे जगाला दाखविले. भांडी घडविणाऱ्यांच्या स्मरणिकेत अशा पुरुषाला स्थान मिळावे हे आम्हांस अनुचित वाटत नाही.

आपल्या वाडवडिलांनी घडविलेला तांब्याचा बंब आठवावा. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, आणि ऊब वाया जाऊ नये अशी सारी योजना. उष्णता एका जागी धरून ठेवणे हे त्या पात्राचे कार्य. आता याच्या नेमके उलट करावयाचे आहे असे समजा. म्हणजे बाहेरची ऊब कणभरही आत शिरू नये आणि आत ठेवलेली थंडी वर्षानुवर्षे टिकावी, असे पात्र करावयाचे आहे. ते अग्निबाणावर चढवून आकाशात पाठवावयाचे आहे, आणि त्याच्या पोटात दुर्बीण ठेवावयाची आहे. हे काम ज्यांनी तडीस नेले त्यांत डॉ. फ्रँक लो यांचे नाव अग्रभागी येते.

परंतु दुर्बिणीला थंडी कशासाठी हवी, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. भट्टीतून काढलेला पत्रा आधी लालबुंद दिसतो, मग त्याची लाली ओसरते व तो काळा पडतो. नवशिक्या पोराला वाटते, पत्रा निवला. तो हात जवळ नेतो आणि चटकन मागे घेतो. पत्रा दिसावयाचा थांबला असला तरी प्रकाशासारखेच काहीतरी त्यातून बाहेर पडतच असते. डोळ्यांना ते कळत नाही, कातडीला कळते. या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात. सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले व प्रत्येक रंगात तापमापक धरून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिकच चढला. अवरक्त किरणांची ही पहिली ओळख होय.

जगातील प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेनुसार असे किरण सोडीत असते. माणूस सोडतो, भिंत सोडते, बर्फाची लादीसुद्धा सोडते. आकाशात तर या किरणांचे भांडारच आहे. नवे तारे धुळीच्या दाट मेघांत जन्म घेतात. साधा प्रकाश त्या धुळीत अडकतो, अवरक्त किरण मात्र तिच्यातून पार निघून येतात. तेव्हा ताऱ्यांचे जन्मस्थान पाहावयाचे असेल तर याच किरणांची कास धरली पाहिजे. पण येथे मोठीच अडचण उभी राहते. ज्या दुर्बिणीने पाहावयाचे ती दुर्बीण, तिचे आरसे, तिची नळी, निरीक्षकाचे अंग व डोक्यावरचे वातावरण ही सारीच अवरक्त किरणांनी उजळून निघालेली असतात. भर दुपारी मशालींच्या गराड्यात उभे राहून काजवा शोधण्यासारखाच हा प्रकार. मशाली विझविल्यावाचून काजवा दिसणार नाही, आणि येथे मशाल विझविणे म्हणजे यंत्र थंड करणे. तेही बर्फाइतके नव्हे, तर निसर्गात ज्याहून अधिक थंड काही असू शकत नाही त्या सीमेच्या अगदी जवळ नेणे. ही सीमा शून्याखाली सुमारे २७३ अंश सेल्सिअस येथे आहे. तिला निरपेक्ष शून्य म्हणतात, आणि तेथून वर मोजलेल्या अंशांना केल्व्हिन असे नाव आहे.

इतकी थंडी मनुष्याच्या हाती आली ती दोन टप्प्यांनी. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी दुहेरी भिंतींचे पात्र तयार केले. दोन भिंतींमधील हवा काढून घेतली की उष्णतेची ये-जा फारच कमी होते. आपल्या घरातील चहाचा थर्मास हा त्याच पात्राचा वंशज. पुढे १० जुलै १९०८ रोजी हॉलंडातील लायडेन येथे कामेरलिंग ओनेस यांनी हेलियम वायूचे द्रव केले. हा द्रव ४.२ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर, उकळतो. याहून थंड द्रव दुसरा नाही.

या हेलियमचा आपल्या कोकण किनाऱ्याशी एक संबंध आहे व त्याविषयी एक गैरसमजही रूढ आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. त्या ग्रहणाच्या सुमारास सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशात एक अपरिचित पिवळी रेषा आढळली. ती पृथ्वीवर ठाऊक नसलेल्या एका मूलद्रव्याची असावी असे अनुमान इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी काढले, व ग्रीक भाषेतील सूर्यवाचक शब्दावरून त्यास हेलियम हे नाव पडले. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवितात व लॉकियरसाहेबांनी तेथे उभे राहूनच १८६८ मध्ये हा शोध लावला असे सांगतात. वस्तुतः त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून केले. लॉकियर विजयदुर्गास आले ते पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ मध्ये, रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. किल्ल्याचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र इतिहास सांगताना साल चुकवू नये, एवढेच आमचे म्हणणे. असो.

फ्रँक जेम्स लो यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९३३ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील या बंदरी झाला. बालपण टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी गेले. १९५५ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवी घेतली, व १९५९ मध्ये ह्यूस्टनच्याच राईस विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. ज्योतिषशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांना नव्हते. नीच तापमानाचे भौतिकशास्त्र हा त्यांचा विषय. शिक्षण संपताच त्यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कारखान्यात नोकरी धरली. तारे पाहणाऱ्या माणसाची वाटचाल वेधशाळेतून नव्हे, तर कारखान्यातून सुरू झाली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कारखान्यात त्यांच्याकडे आलेला पदार्थ होता जर्मेनियम. हा अर्धसंवाहक आहे, म्हणजे वीज ना धड वाहू देणारा, ना धड अडविणारा. त्यात गॅलियम या धातूचा अत्यल्प अंश मिसळून तो अतिशय थंड केला असता त्याचा एक विशेष गुण प्रकट होतो. त्याची उष्णता यत्किंचित वाढली तरी विजेला होणारा त्याचा विरोध मोठ्या प्रमाणात घटतो. अतिशीत अवस्थेतील तापमान मोजण्यास हा गुण उपयोगी, हे उघडच होते. लो यांनी पुढचे पाऊल टाकले. जर्मेनियमच्या चिमुकल्या तुकड्यावर ताऱ्याचे अवरक्त किरण पाडले तर तो कणभर तापेल, आणि विजेतील फरकावरून त्या किरणांचे मोजमाप करता येईल! अशा यंत्रास बोलोमीटर म्हणतात. बोलोमीटर ही वस्तू नवी नव्हे. लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो १८७८ च्या सुमारास बनविला होता. पण तो खोलीच्या तापमानावर चालणारा होता. लो यांनी आपला तुकडा द्रवरूप हेलियमच्या पात्रात सुमारे २ केल्व्हिनवर ठेवला. इतक्या थंडीत पदार्थाची उष्णता साठविण्याची शक्ती फारच उणी होते, त्यामुळे किंचित किरणानेही तो तापतो, आणि त्याच्या अंगची खळबळही शमलेली असते. १९६१ मध्ये त्यांनी याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, आणि अवरक्त ज्योतिषशास्त्राला एक नवा डोळा लाभला.

१९६२ मध्ये लो कारखाना सोडून वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत गेले, व १९६५ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात दाखल झाले. पुढे काही वर्षे राईस विद्यापीठाशीही त्यांचा संबंध राहिला. १९६७ मध्ये त्यांनी ॲरिझोनातील टूसॉन शहरी इन्फ्रारेड लॅबोरेटरीज नावाचा एक लहानसा कारखाना काढला. आपला बोलोमीटर व त्याचे हेलियमपात्र आपल्यापाशीच ठेवून साऱ्या शोधांचे श्रेय एकट्याने घेणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ती यंत्रे बनवून इतर शास्त्रज्ञांना पुरविली. हे गुपित त्यांनी बाजारात मांडले, आणि त्यामुळे शास्त्र वाढले. आपल्या आळीत अमुक एक मठारकाम अमक्याच घरी चाले, व त्या घरातील शेवटचा जाणता गेला की ती कळाही त्याच्यासवे जाई. या जुन्या रीतीशी ताडून पाहता लो यांच्या वर्तनाचे मोल विशेष वाटते.

भांडे व डोळा तयार झाले. उरला प्रश्न वातावरणाचा. हवेतील पाण्याची वाफ अवरक्त किरणांचा मोठा भाग गिळून टाकते. यावर लो यांनी उपाय काढला तो विमानाचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या लिअर जेट या छोट्या विमानात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसविली. विमान सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जाई. बहुतेक सारी वाफ त्या उंचीच्या खाली राहते. किरणांच्या वाटेत काच येऊ नये म्हणून दुर्बिणीचे तोंड उघड्या आकाशाकडे ठेवलेले असे, आणि निरीक्षकांना प्राणवायूचे मुखवटे चढवून काम करावे लागे. या निरीक्षणांतून असे सिद्ध झाले, की गुरू व शनी हे ग्रह सूर्यापासून जेवढी उष्णता घेतात त्याहून अधिक बाहेर टाकतात. त्यांच्या पोटात त्यांची स्वतःची ऊब आहे! १९६७ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघात क्लाइनमन व लो यांना धुळीत दडलेला एक प्रखर अवरक्त स्रोत आढळला. तेथे नवे तारे घडत आहेत. तो आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. लिअर जेटने घालून दिलेल्या वाटेवरूनच पुढे १९७४ मध्ये कायपर ही अधिक मोठी विमानवेधशाळा उडाली.

परंतु विमान कितीही उंच गेले तरी दुर्बीण ऊबदारच राहणार. संपूर्ण दुर्बीणच हेलियमपात्रात ठेवून अवकाशात पाठविणे हाच खरा मार्ग होता. अमेरिका, हॉलंड व ब्रिटन या तीन देशांनी मिळून आयरास नावाचा कृत्रिम उपग्रह बांधला व तो २५ जानेवारी १९८३ रोजी उडाला. त्यात ५७ सेंटिमीटरची दुर्बीण, ६२ शोधक आणि सुमारे ७० किलो अतिप्रवाही हेलियम होता. अतिप्रवाही म्हणजे २.१७ केल्व्हिनच्या खाली गेलेला हेलियम. तो अतिसूक्ष्म फटीतूनही विनासायास वाहतो. वजनरहित अवकाशात द्रव कोठे व वाफ कोठे हेही ठरलेले नसते. तेव्हा वाफ तेवढी बाहेर जावी व द्रव आत राहावा हे कसे साधावे? त्यासाठी पात्राच्या तोंडाशी सच्छिद्र धातूचे बूच बसवितात. त्या छिद्रांच्या बाहेरच्या अंगास द्रवाची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, आणि आतील द्रव थंड राहतो. आपल्या घरच्या मातीच्या माठाचे कार्य याहून फारसे निराळे नाही. माठाची माती सच्छिद्र म्हणून पाणी गार. याचा अर्थ आपल्या पूर्वजांना अवकाशविज्ञान अवगत होते असा मात्र कोणी काढू नये. निसर्गाचा नियम एकच आहे, आणि तो कुंभाराच्या चाकावर व अग्निबाणाच्या टोकावर सारखाच चालतो, एवढाच याचा अर्थ.

आयरासच्या उभारणीत लो यांचा मोठा वाटा होता. शोधकाकडून येणारा विद्युत्संकेत इतका क्षीण असतो, की तो जागच्या जागीच वाढवावा लागतो. पण तो वाढविणारी यंत्रे अशा कडाक्यात आखडून जातात. म्हणून त्यांना अतिबारीक आधारांवर तरंगते ठेवून किंचित ऊब द्यावी लागते, आणि ती ऊब हाताच्या अंतरावरील शोधकाला लागू द्यावयाची नसते. असल्या नाजूक कामात लो यांचा हात बसलेला होता. आयरासने सुमारे साडेतीन लाख अवरक्त स्रोत नोंदविले. अभिजित ताऱ्याभोवती धुळीचे कडे आहे हे त्यातून उमगले. हा शोध लावणाऱ्या दोघांपैकी ऑमन हे लिअर जेटवरील लो यांचे जुने सहकारी होत. आकाशभर पसरलेल्या विरळ धुळीचे पिंजलेल्या कापसासारखे पुंजकेही प्रथम दिसले, व त्यांविषयीच्या निबंधावर पहिले नाव लो यांचे होते. अशी सुमारे दहा महिने कामगिरी झाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये हेलियम संपला, दुर्बीण तापली, आणि आयरास आंधळा झाला. यंत्र धडधाकट होते, केवळ थंडी सरली होती.

येथून या चरित्राचा सर्वांत बोधप्रद भाग सुरू होतो. आयरासनंतर याहून मोठ्या अवरक्त दुर्बिणीची योजना आखण्यात आली. थंडी पाच वर्षे टिकवावयाची तर हेलियम किती न्यावा? आराखड्यात सुमारे ३,८०० लिटरची टाकी धरली होती. एवढी टाकी म्हणजे तिच्या भोवती तेवढेच मोठे थर्मासपात्र, ते उचलण्यास प्रचंड अग्निबाण, आणि खर्च दोन अब्ज डॉलरांहून अधिक. हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाल्याचे १९९० मध्ये उघड झाले, ऑगस्ट १९९३ मध्ये मंगळाकडे निघालेले एक यान हरवले, आणि सरकारने हात आखडता घेतला. वर्षानुवर्षे खपून तयार केलेली योजना गुंडाळली जाण्याची वेळ आली. अशा प्रसंगी बहुतेक जण एक तर तक्रार करतात, नाही तर तीच वस्तू थोडी लहान करून पुढे मांडतात. १९९३ च्या अखेरीस या योजनेचे शास्त्रज्ञ विचारविनिमयास जमले असता लो यांनी मूळ गृहीतच उलटे केले.

आजवर सर्वांची समजूत अशी होती, की दुर्बीण जमिनीवरच थंड करावी, पात्रात बंद करावी, आणि तशीच वर न्यावी. लो म्हणाले, दुर्बीण पात्राबाहेर ठेवा व ऊबदार स्थितीतच उडवा. अवकाश स्वतःच थंड आहे. सूर्याकडे छत्री धरा, सूर्यासमोरची बाजू चकचकीत करा, पाठीमागची काळीकुट्ट ठेवा, म्हणजे दुर्बीण आपली ऊब आपणच आकाशात टाकून देईल. शेवटचे थोडे अंश काय ते हेलियमने उतरवावेत. निफाडकडील द्राक्षबागाईतदारांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांतील निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते व पहाटे पानांवर हिम धरते, म्हणून ते बागेत शेकोट्या पेटवितात. ढग असले तर तीच ऊब अडून राहते. दुर्बिणीच्या दृष्टीने पृथ्वी हीच मोठी शेकोटी. म्हणून यान पृथ्वीभोवती न फिरविता पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरवावे, ही जोड दुसऱ्या एका अभियंत्याच्या सूचनेने मिळाली. परिणाम असा झाला, की ३,८०० लिटर हेलियमऐवजी ३६० लिटर पुरेसा ठरला. टाकी लहान म्हणून पात्र लहान, पात्र लहान म्हणून अग्निबाण लहान, आणि खर्च सुमारे तिसऱ्या हिश्शावर आला. मुदत मात्र तीच राहिली.

ही दुर्बीण २५ ऑगस्ट २००३ रोजी उडाली व पुढे तिला लायमन स्पिट्झर या शास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले. तिचा ८५ सेंटिमीटरचा आरसा बेरिलियम धातूचा होता. सुमारे चाळीस दिवसांत ती अपेक्षेप्रमाणे निवली. बाहेरचे कवच केवळ आकाशाच्या थंडीने सुमारे ३५ केल्व्हिनपर्यंत उतरले, आणि हेलियमच्या निसटत्या वाफेने दुर्बीण त्याहून खाली, साडेपाच केल्व्हिनपर्यंत नेली. इतर सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची स्वतःची ऊब २००५ मध्ये तिने प्रथमच टिपली. ३६० लिटर हेलियम पाच वर्षे साडेआठ महिने पुरला. १५ मे २००९ रोजी तो संपला. त्यानंतर एक महिना पुरा होण्याच्या आतच, ११ जून २००९ रोजी, डॉ. लो यांनी टूसॉन येथे देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ७५ वर्षांचे होते.

आयरासप्रमाणे हीही दुर्बीण हेलियम संपताच निकामी व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही. छत्री व काळी पाठ यांच्या बळावर ती सुमारे २८ केल्व्हिनवर स्थिर राहिली. दोन शोधक त्या तापमानावरही उत्तम चालत होते. एका लहानशा ताऱ्याभोवती सात ग्रह फिरत असल्याचे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झाले. त्या शोधाचा मोठा भाग या हेलियमविहीन दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला आहे. ३० जानेवारी २०२० रोजी तिचे काम थांबविण्यात आले. लो यांच्या पश्चात दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची कल्पना आकाशात राबत राहिली. कारागीर जातो व त्याचा जिन्नस मागे उरतो, हे आपल्या घरांतून आपण पाहतोच. येथे तर जिन्नस सरला तरी युक्ती उरली.

ती युक्ती आता सर्वमान्य झाली आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा कोणत्याही पात्रात नाही. तो पाच पदरी छत्रीच्या सावलीत, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, उघड्या आकाशातच थंड होतो. तिच्या केवळ एका उपकरणास ७ केल्व्हिनहून खाली न्यावे लागते, आणि तेही तोच हेलियम वायू पुनःपुन्हा फिरविणाऱ्या शीतयंत्राने. तेथे हेलियम संपण्याचा प्रश्नच उरलेला नाही. आपल्याकडेही हे कसब अपरिचित नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून महाकाय बलूनला टांगून ३० किलोमीटर उंचीपर्यंत नेली आहे, व तिचे बोलोमीटर हेलियमच्या साहाय्याने ०.३ केल्व्हिनपर्यंत थंड केले आहेत.

लो यांना १९६८ मध्ये वॉर्नर पारितोषिक, १९८६ मध्ये रमफोर्ड पारितोषिक व २००६ मध्ये ब्रूस पदक मिळाले. तथापि न्यूटन किंवा आइन्स्टाइन यांच्यासारखे त्यांचे नाव शाळकरी मुलांच्या तोंडी नाही, व ते तसे कधी होईल असेही वाटत नाही. उपकरण घडविणाऱ्याचे नाव शोधाच्या मागे झाकले जाते. देवघरातील तांब्याला रोज हात लागतो, पण तो कोणी घडविला हे कोण विचारतो?

हे सारे लिहिताना आमच्या मनाला एक गोष्ट टोचत आहे, ती उघड सांगितली पाहिजे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. तरी शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ मुले शिकविली व त्यांत आपल्या आळीतील मुले पुष्कळ होती. अभ्यासात कच्च्या मुलाला आम्ही एकच धाक घालीत असू, "नीट शिक, नाही तर हातोडा हाती घ्यावा लागेल." हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. त्यामागे आमचा हेतू वाईट नव्हता. ठोक्यांनी बधिर झालेले कान, भट्टीपुढे वाकलेली पाठ आणि स्टीलच्या भांड्यांनी बसविलेला धंदा आम्ही आमच्याच घरी पाहिला होता. मुलांनी त्यातून सुटावे अशी इच्छा करणे हा गुन्हा नव्हे. परंतु धंद्यातील हाल आणि हातातील बुद्धी या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आम्हांला तेव्हा उमगले नाही. आम्ही हालांची निंदा करावयास गेलो व नकळत हातांची निंदा केली. ज्या मुलाला पत्र्याची जाडी बोटांनी कळत होती, डाक कोठे फुटेल हे नुसत्या आवाजावरून समजत होते, त्याला आम्ही ढ ठरविले. असा एक मुलगा आजही आमच्या डोळ्यांपुढे आहे. तो आळी सोडून गेला, आणि हातोडाही सुटला व पुस्तकही सुटले.

डॉ. लो यांच्यापाशी विद्यापीठाची सर्वोच्च पदवी होती, आणि त्यांचे हातही भांड्यात होते. एकामुळे दुसऱ्याला कमीपणा आला नाही. उलट ३,८०० लिटरचे ३६० लिटर करण्याची बुद्धी त्यांना झाली ती पात्राची नस न नस ओळखीची असल्यामुळेच, असे आम्हांस निश्चयपूर्वक वाटते. उष्णता कोठून शिरते हे ज्याने हाताने अनुभवले, त्यालाच ती कोठून काढून द्यावी हे सुचले.

म्हणून आमची मंडळाच्या चालकांस एक नम्र सूचना आहे. आपल्या शिष्यवृत्त्या आज केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांस मिळतात. जी मुले-मुली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत उपकरणकाम, यंत्रकाम वा जोडकाम शिकत आहेत, त्यांनाही त्यांत वाटा असावा. वार्षिक सभेत गुणवंतांच्या सत्कारासाठी व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या जातात, त्यांत एक खुर्ची हाताने उत्तम जिन्नस घडविणाऱ्या तरुणासाठी राखून ठेवावी. यास फार खर्च येणार नाही. प्रस्तुत चरित्रावरून दिसून येते, की मोठे काम नेहमी मोठ्या टाकीने होत नाही. कधी कधी टाकी लहान करूनच ते साधते.

ज्ञातिबंधुभगिनींनी या सूचनेचा विचार करावा, लेखातील न्यूनाधिक पदरी घ्यावे, आणि श्रीकालिकामाता आपल्या मुलाबाळांच्या बुद्धीला व हातांना सारखेच यश देवो, अशी प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.